डूम + डूम २ : ताईच्या आक्षेपांसकट रिव्ह्यू

आधीच कबूल करतो, हा रिव्ह्यू मला निष्पक्षपणे लिहिता येणार नाही. मी चौदा वर्षांचा असताना एका मित्राने हातात दोन फ्लॉप्या टेकवल्या होत्या, त्यांवर 'डूम' हा राक्षसांवर गोळ्या झाडत पुढे जायचा गेम होता. पहिलीवर पेनाने 'डूम १' आणि दुसरीवर 'डूम २' लिहिलेलं. दुसरीचा अर्थ 'दुसरा भाग' नव्हता, नुसतीच 'दुसरी फ्लॉपी' होता. ती सत्तर टक्क्यांवर अडकली. ड्राइव्ह कर्र कर्र करत तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होता. मी फ्लॉपी काढली, पत्र्याची झडप सरकवून आत फुंकर मारली आणि परत घातली. फुंकर मारल्याने फ्लॉपी सुधारत नाही. चौथ्या खेपेला मात्र ती वाचली गेली, त्यामुळे फुंकरीवरचा माझा विश्वास पुढे कित्येक वर्षं टिकला.

तोच गेम आता 'डूम + डूम २' अशा जोडनावाने मिळतो. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने नाइटडाइव्ह स्टुडिओजला हाताशी धरून ऑगस्ट २०२४ मध्ये हे संकलन आणलं. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, सगळीकडे चालतं. ज्यांनी आधीची डिजिटल आवृत्ती घेतली होती त्यांना हे फुकट मिळालं. गेमच्या धंद्यात असा चांगुलपणा रोज बघायला मिळत नाही. आत माल गच्च भरलाय: १९९३ चा डूम, १९९४ चा डूम २, 'टीएनटी: इव्हिल्यूशन', 'द प्लुटोनिया एक्सपेरिमेंट', 'मास्टर लेव्हल्स', मूळ डूमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरोने २०१९ मध्ये जुन्या इंजिनासाठी नव्याने बनवलेला 'सिजिल', आणि शिवाय 'लेगसी ऑफ रस्ट' हा कोराकरकरीत भाग. एकट्याने खेळायचे नकाशे, म्हणजे लेव्हल्स, एकूण १८७. गेल्या तीन महिन्यांत माझे साठेक झाले असतील, त्यातले निम्मे लहानपणच्या पाठांतरावर.

जुन्या गेमला नवं रूप देताना बऱ्याचदा घोळ होतो. राक्षस गुळगुळीत करतात, भिंतींना चकाकी देतात आणि शेवटी ओळखीचं काही उरत नाही. इथे तसं झालेलं नाही. मूळ गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचा होता आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३५ फ्रेम्स दाखवायचा. आता मोठ्या स्क्रीनवर चित्र रेखीव दिसतं, हालचाल लोण्यासारखी आहे, पण राक्षस अजून ठिपक्यांचेच. जवळ आले की त्यांच्या अंगावरचे चौकोन मोजता येतात. संगीत मूळचं ठेवायचं की नव्याने वाजवलेलं, हे आपण ठरवायचं. मी दोन दिवस नवं लावलं, गिटार जोरदार आहे, मग मुकाट्याने जुन्या मिडीवर, म्हणजे त्या काळच्या संगणकी सुरांवर, आलो. जुनं ऐकू येताच माझं डावं बोट आपोआप कंट्रोल की शोधायला लागलं. त्या काळी बंदूक तिनेच सुटायची.

पहिली लेव्हल, 'हँगर'. ज्यांनी कधीच खेळला नाही त्यांना डूम म्हणजे काय हे या एका लेव्हलवरून कळतं, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही एका खोलीत उभे आहात, हातात पिस्तूल. खिडकी आहे. खिडकीबाहेर एक उघडं आवार, डोंगर, आणि जमिनीवर पडलेलं निळं चिलखत. दिसतंय, पण खिडकीतून जाता येत नाही. समोरचं दार उघडून तुम्ही पुढे जाता, हिरव्या विषारी पाण्यावरच्या नागमोडी पुलावरून इम्प नावाच्या राक्षसांचे आगीचे गोळे चुकवता, आणि सगळा वेळ डोक्यात ते चिलखत. मग कधीतरी एका भिंतीपाशी लपलेली वाट सापडते आणि तुम्ही त्याच आवारात बाहेर येता. आता खिडकी दुसऱ्या बाजूने दिसते. मघाशी जिथे उभे होतो ती खोली दिसते. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरसुद्धा त्या क्षणी मला 'अच्छा!' म्हणावंसं वाटतं. बोलून दाखवत नाही, घरात माणसं असतात.

या लपलेल्या वाटांपायी आम्ही लहानपणी प्रत्येक भिंतीला खेटून स्पेसबार दाबत चालायचो. नुसती भिंत असेल तर आपला हिरो 'उंह' करून कण्हायचा. मित्र खेळतोय की नाही हे दाराबाहेरूनच कळायचं: उंह, उंह, उंह, आणि मध्येच दार सरकल्याचा घर्रर्र आवाज.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत, मधोमध, तुमच्या सैनिकाचा चेहरा आहे. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. मार बसला की ज्या बाजूने बसला तिकडे वळतो. नवी बंदूक सापडली की दात विचकून हसतो. आणि जीव कमी होत जाईल तसा चेहरा रक्ताने माखत जातो. नाकातून, मग कपाळावरून, मग डोळा सुजतो. शंभर टक्क्यांचा आकडा बघायची गरजच पडत नाही.

माझ्या भाचीचं लक्ष सगळ्यात आधी त्याच्याकडेच गेलं. ती चौदा वर्षांची आहे. सुट्टीत ताई आणि ती आमच्याकडे आल्या होत्या. मी रात्री हेडफोन लावून खेळत होतो, ती मागे येऊन उभी राहिली. राक्षस मरत होते, भिंतींवर शिंतोडे उडत होते, आणि ही विचारते, "मामा, हा माणूस सारखा आपल्याकडे का बघतोय?"

मी म्हटलं, "आपणच आहोत तो."

"मग आपल्याला इतकं लागलंय तर आपण थांबत का नाही?"

तेवढ्यात ताई आत आली.

ताईचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, 'हे काय दाखवतोयस तिला?' थोडक्यात न सांगायचं तर पाऊण तास चाललं. तिने बातम्यांचे मथळे काढले, मी अभ्यासांचे निष्कर्ष काढले. तिने डब्यावरचं वय काढलं, मी 'मी चौदाचा असताना खेळलो आणि बघ, ठीकच आहे की' असं म्हणालो. त्यावर ती जे हसली ते मला अजून लागलंय.

खरं तर हे भांडण आमच्या घरात नवीन असलं तरी गेम्सच्या जगात फार जुनं आहे. १९७६ मध्ये एक्झिडी या कंपनीच्या 'डेथ रेस'वरून गदारोळ झाला होता. त्यात काय होतं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या काडीच्या आकृत्या पळायच्या. गाडीखाली आली की किंचाळी, आणि त्या जागी क्रूस उभा. डूमचा जन्म तर वादाच्या ऐन मुहूर्तावर झाला. ९ डिसेंबर १९९३ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये जो लिबरमन आणि हर्ब कोल यांनी हिंसक व्हिडिओ गेम्सवर सुनावणी घेतली. पिंजऱ्यात होते 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप'. आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, आयडीच्या मंडळींनी डूमचा फुकटातला पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. वाट बघणाऱ्यांनी सर्व्हर असा भरून टाकला होता की चढवणाऱ्यांनाच आत शिरायला जागा मिळेना. सिनेटर साहेबांना एक दिवस थांबता आलं असतं तर त्यांच्या सुनावणीला काय विषय मिळाला असता!

त्या सुनावणीतून निघालेली एक गोष्ट आजही डब्यावर दिसते. सरकारने कायदा करायच्या आत गेम कंपन्यांनी १९९४ मध्ये स्वतःच ईएसआरबी हे वयाचं वर्गीकरण करणारं मंडळ उभं केलं. त्यातलं 'एम' म्हणजे १७ आणि त्यापुढचे. डूमला तेच आहे. जर्मनीने मात्र १९९४ मध्ये डूमला अल्पवयीनांसाठी घातक म्हणून यादीत टाकलं. म्हणजे जाहिरात नाही, उघड्यावर मांडणी नाही, मुलांना विक्री नाही. त्या यादीतून तो बाहेर आला ऑगस्ट २०११ मध्ये, तोवर गेम स्वतःच सतरा वर्षांचा झाला होता. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा तो कायदा होता. गेम्सनाही अभिव्यक्ती म्हणून पुस्तकांइतकंच संरक्षण आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

अभ्यासांचं म्हणाल तर मी ताईपुढे जितक्या ठसक्यात बोललो तितकं ते प्रकरण सरळ नाही, हे इथे मान्य करतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांची हजारेक ब्रिटिश मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून माहिती घेतली. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना दिसला नाही. हे मी मोठ्याने सांगितलं. पण २०१८ मध्ये २४ अभ्यास आणि १७ हजारांहून जास्त मुलं एकत्र धरून केलेल्या पाहणीत, कालांतराने मारामारीसारख्या वागण्यात किंचित वाढ दिसली होती. हे मी हळू आवाजात सांगितलं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये घेतलेली भूमिका मला यातल्या त्यात समजूतदार वाटते. आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो, पण गोळीबारासारख्या हिंसेचं खापर गेम्सवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. ताई म्हणाली, "म्हणजे थोडा संबंध आहे." मी म्हणालो, "म्हणजे थोडाच आहे." दोघंही एकच वाक्य वाचत होतो.

एका मुद्द्यावर मात्र मी निरुत्तर झालो. डूममध्ये अवघडपणाच्या पाच पातळ्या आहेत. चौथीचं नाव आहे 'अल्ट्रा-व्हायोलन्स'. मेनूमध्ये, मोठ्या लाल अक्षरांत. ताईने स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे मी नाही म्हणत, तेच म्हणतायत." यावर काय बोलणार? हिंसेचा विषय त्यांच्यावर कोणी लादलेला नाही, त्यांनीच दारावर पाटी लावलीय. डूम म्हणजे फक्त भूमिती आणि शोध, असं म्हणणारे आमच्यासारखे जुने भक्त थोडी लबाडी करतात. शॉटगनचा बार जवळून बसला की समोरचा मागे फेकला जातो, ती मजा आहे, आणि ती मजा बनवणाऱ्यांनी नीट हिशेब करून आणलीय. माझं म्हणणं इतकंच की पाचव्या मिनिटाला तिची सवय होते आणि मग डोकं सगळा वेळ 'पुढचं दार उघडणारी पिवळी किल्ली कुठे असेल' यात अडकतं. पहिल्या पाच मिनिटांबद्दल ताई बरोबर आहे.

शेवटी तह झाला: भाचीने बघायचं, माउस मामाच्या हातात, आणि दार उघडं. तिने टॅब की दाबून दिसणाऱ्या नकाशाचा ताबा घेतला. "डावीकडे जा, तिथे रेषा तुटलीय, काहीतरी आहे." बहुतेक वेळा खरंच असायचं. 'टॉक्सिन रिफायनरी'तून गुप्त नवव्या लेव्हलला जाणारी वाट तिने मला न विचारता शोधली. ती वाट मला लहानपणी मित्राने सांगेपर्यंत सापडली नव्हती, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता जरा तांत्रिक कटकटींकडे वळतो, कारण जुना गेम असला तरी कटकटी नव्या असतात.

माझ्या पहिल्या दोन संध्याकाळी एका भलत्याच दुखण्यात गेल्या. खेळताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. डूमच्या शॉटगनचा आवाज दोन तुकड्यांत आहे: आधी धाड, मग हात मागे-पुढे होऊन क्लिक-क्लॅक. तो क्लिक-क्लॅक माझ्या हातांच्या चित्रानंतर ऐकू येत होता. हात खाली गेलेले, आणि मग आवाज. दोष ब्लूटूथ हेडफोनचा होता. बिनतारी आवाज पोचायला सेकंदाचा लहानसा तुकडा जातो. व्हिडिओ बघताना प्लेअर त्याची भरपाई करतो, गेममध्ये ते शक्य नसतं. वायरचा जुना हेडफोन लावला आणि शॉटगन पुन्हा शॉटगन झाली. कुठल्याही गेममध्ये 'मजा येत नाहीये पण का ते कळत नाही' असं वाटलं तर आधी हे तपासा.

दुसरं, चक्कर. भाचीला पंधरा मिनिटांत मळमळायला लागलं. हा हिरो भयानक वेगाने पळतो आणि पळताना बंदूक झोके घेते. खोलीतला दिवा लावला, खुर्ची हातभर मागे घेतली, माउसची संवेदनशीलता कमी केली, आणि दर लेव्हलनंतर उठायचं असं ठरवलं. फरक पडला. मळमळ सुरू झाल्यावर 'ही एवढी लेव्हल संपवतो' म्हणून रेटू नका. ती रेटल्याने वाढते आणि मग तासभर उतरत नाही. अनुभव माझा आहे, भाची शहाणी निघाली.

कंट्रोलरने खेळत असाल आणि मेनू एका दाबात दोन घरं पुढे जात असेल, तर कंट्रोलर बिघडलेला नाही. बहुतेक वेळा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) त्याची भाषा एकदा बदलून देतो आणि गेमही थेट ऐकतो, म्हणून एक दाब दोनदा पोचतो. दोघांपैकी एकाला गप्प करा.

सेव्हचा एक घोटाळा मी स्वतःच्या हाताने केला. एका यंत्रावर इंटरनेट बंद असताना खेळलो, दुसऱ्यावर चालू असताना. लाँचरने विचारलं, क्लाउडवरचं सेव्ह ठेवू की या यंत्रावरचं? मी वाचायच्या आधीच बटण दाबलं. 'प्लुटोनिया'च्या अकरा लेव्हल्स गेल्या. त्या खिडकीत दोन्ही सेव्हची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, ती वाचा. शंका असेल तर काहीच न निवडता बाहेर या, सेव्हच्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे करून ठेवा, मग निवडा. अकरा लेव्हल्स म्हणजे माझे पाच रविवार होते.

बाकी नेहमीचीच यशस्वी औषधं. गेम उघडताच बंद होत असेल तर उडवून पुन्हा टाकण्याच्या फंदात लगेच पडू नका. लाँचरमध्ये फाइल्सची पडताळणी करायची सोय असते, ती खराब झालेल्या फाइल्स तेवढ्या बदलते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स' या ठिकाणी जाऊन त्या गेमसाठी जास्त ताकदीची चिप निवडून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही तीन गोष्टी एकदम बदलतो, गेम चालू होतो, आणि कशामुळे चालू झाला हे आयुष्यात कळत नाही. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची जाळी बंद होते, आत भट्टी पेटते, यंत्र स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि आपण गेमला शिव्या घालतो.

कोणाला विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारी मूळ आवृत्तीच डॉसबॉक्समध्ये (आजच्या यंत्रावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवायची हौस असेल तर दोन सूचना. त्यात माउस पुढे ढकलला की बघण्याची दिशा बदलत नाही, माणूसच पुढे चालायला लागतो. वर-खाली बघणं हा प्रकारच या गेममध्ये नाही. आणि आवाजाच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर हे जुनं साउंड कार्ड निवडून पत्ता २२०, डीएमए १ ठेवा. आयआरक्यूचा, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या ओळीचा, आकडा डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये जो असेल तोच द्या. त्या आकड्याने मला लहानपणी रडवलंय. ७ दिला की पहिल्या बंदुकीच्या आवाजालाच यंत्र गोठायचं, कारण तो क्रमांक प्रिंटरच्या पोर्टाचाही होता. ५ केल्यावर चाललं. हे शोधायला मला दोन आठवडे लागले, आणि इतक्या चिकाटीने मी शाळेत कधी काही केलं नव्हतं.

नव्या बातम्यांकडे कान असणाऱ्यांसाठी: याच घराण्यातला ताजा गेम, 'डूम: द डार्क एजेस', १५ मे २०२५ ला आला. तो दिसायला भव्य आहे, पण रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) करू शकणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सुरूच होत नाही. सेटिंग्ज कितीही खाली आणा, उपयोग नाही. घेण्याआधी किमान गरजांची यादी वाचा. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी मुकाट या संकलनाकडे यावं, इथे सगळ्यांना जागा आहे. १९९७ मध्ये डूमचं इंजिन लिहिणाऱ्या जॉन कारमॅकने डूमचा मूळ कोड खुला केल्यापासून लोकांनी तो कॅल्क्युलेटरवर आणि प्रिंटरच्या पडद्यावर चालवून दाखवलाय, तुमच्या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात.

तक्रारीही आहेत. 'लेगसी ऑफ रस्ट' सुंदर दिसतो, त्यातलं आग ओकणारं नवं शस्त्र झकास, पण लेव्हल्स लांबलचक आहेत. दोन-दोनदा सेव्ह करून झोपायला गेलो, सकाळी उघडलं तर कुठून आलो तेच आठवेना. 'हँगर'मध्ये जी खिडकीची युक्ती चार मिनिटांत होते ती इथे चाळीस मिनिटं ताणलीय. 'मास्टर लेव्हल्स' असमान आहेत, तीन-चार खेळून सोडल्या तरी चालेल. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. गेमच्या आतच लोकांनी बनवलेले मोड, म्हणजे गेममधले बदल आणि नवे नकाशे, उतरवून घेता येतात, ही सोय चांगली. पण सुरुवातीला दुसऱ्यांच्या मेहनतीचे मोड भलत्यांनीच आपल्या नावावर चढवले आणि मूळ निर्माते चिडले, ते योग्यच होतं. आणि पालकांसाठी सांगतो, डब्यावरचं वय हे डब्यातल्या गेमचं असतं. मोडमध्ये कोण काय घालेल आणि सोळा जणांच्या ऑनलाइन सामन्यात कोण काय बोलेल, याचं वय कुणीच ठरवलेलं नसतं. मला राक्षसाच्या रक्तापेक्षा तिथल्या अनोळखी आवाजांची जास्त धास्ती वाटते. ताईलाही हे पटलं, पाऊण तासात आमचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

तर घ्यावा का? सतराच्या पुढचे असाल, किल्ल्या शोधत भटकायला आवडत असेल, गोष्ट आणि संवाद नसले तरी चालत असेल, तर डोळे मिटून घ्या. पहिल्यांदाच खेळणार असाल तर तिसऱ्या पातळीवर सुरू करा, पहिला भाग सलग संपवा आणि मग 'डूम २'ची दुनळी बंदूक हातात घ्या. 'प्लुटोनिया' वर्षभर तरी उघडू नका, तो आमच्यासारख्या मुरलेल्यांसाठी आहे. चौदा वर्षांच्या मुलांबद्दल मी काही सांगणार नाही, मला स्वतःच्या घरात बोलायला जागा उरलेली नाही.

भाची मात्र थांबली नाही. बघायला माझ्याशेजारी बसावं लागतं, नकाशे बनवायला तसं लागत नाही, हे तिच्या लक्षात आलं. 'अल्टिमेट डूम बिल्डर' हा फुकट मिळणारा एडिटर तिने मला उतरवून द्यायला लावला. त्यात वरून बघितल्यासारखा कागद असतो, रेषा ओढायच्या, रेषा जुळल्या की खोली तयार, मग जमिनीची उंची, छताची उंची, भिंतीचा पोत. तिने त्यांचं घर काढायला घेतलं. राक्षस एकही नाही.

ताईने ते बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. तिच्या डोक्यात १९९९ ची, अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेची बातमी होती. त्या शाळेत गोळीबार करणाऱ्या दोघांपैकी एकाने डूमचे नकाशे बनवले होते, हे खरं आहे. ते नकाशे त्याच्या शाळेचे होते, ही तेव्हा पसरलेली अफवा होती, तसा नकाशा कधी सापडला नाही. मी हे सांगितलं. ती काही बोलली नाही, खुर्ची ओढून पोरीशेजारी बसली आणि बघत राहिली. दहा मिनिटं तरी झाली असतील.

"मामा, वरचा मजला कसा काढायचा?" भाचीने विचारलं.

"नाही काढता येत. या इंजिनमध्ये खोलीवर खोली ठेवताच येत नाही. नकाशाच्या एका ठिकाणी एकच जमीन आणि एकच छत."

"मग माझी खोली कुठे जाणार?"

ताई स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "ती राहू दे. आधी स्वयंपाकघर मोठं कर. एवढं छोटं नाहीये ते."